धर्मव्याधाच्या दुकानातले गिऱ्हाईक

आमच्या शाळेत दुपारच्या जेवणाला दोन रांगा लागतात. एक अंड्याची, दुसरी केळ्याची. २०२१ च्या अखेरीस कर्नाटकाच्या उत्तरेकडील काही जिल्ह्यांत मुलांच्या माध्यान्ह आहारात अंडे द्यायला सुरुवात झाली तेव्हा बराच गदारोळ उठला होता. काही मठाधीशांनी विरोध केला, काही ठिकाणी विद्यार्थीच अंड्यांच्या बाजूने बोलले. पुढे ती योजना साऱ्या राज्यात आणि दहावीपर्यंतच्या वर्गांना लागू झाली. अंडे न खाणाऱ्यांना केळे मिळते. मुख्याध्यापक या नात्याने माझ्याकडे दोन कामे आली. नोंदवही नीट ठेवायची आणि दोन रांगांत भांडण होऊ द्यायचे नाही. पहिले काम सोपे आहे.

एके दिवशी केळ्याच्या रांगेतला एक मुलगा अंड्याच्या रांगेतल्याला ‘पापी’ म्हणाला. दुसऱ्याने त्याच्या आईवडिलांचा उद्धार केला आणि प्रकरण माझ्या खोलीपर्यंत आले. मी कोणालाच शिक्षा केली नाही. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गावर मोकळा तास होता, तेव्हा जाऊन धर्मव्याधाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी पंचवीस-तीस वर्षे सांगत आलो आहे आणि तिचे तात्पर्यही ठरलेले आहे : कोणतेही काम हलके नसते, कर्तव्य आणि मातापित्यांची सेवा हाच धर्म. वर्ग शांतपणे ऐकत होता. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, त्यानं मारलं नाही म्हणता, खाल्लंबी नाही म्हणता. मग मारलं कुणी आन् खाल्लं कुणी?”

वर्ग हसला. मीही हसलो. घंटा झाली म्हणून सुटलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. सुट्टीत मी मूळ कथा पुन्हा काढून वाचली. या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

१

कथा वनपर्वातली. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत याच पर्वाला आरण्यकपर्व म्हटले आहे. मार्कंडेय ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. कौशिक नावाचा एक तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेदपठण करीत बसलेला असतो. वरच्या फांदीवरची बगळी त्याच्या अंगावर विष्ठा टाकते. तो रागाने वर पाहतो आणि ती मरून खाली पडते. त्याला वाईट वाटते. मग तो गावात भिक्षेला जातो. एका घरची गृहिणी त्याला थांबायला सांगते. तेवढ्यात भुकेला नवरा घरी येतो आणि ती त्याला वाढण्यात गुंतते. ताटकळलेला ब्राह्मण संतापतो. तेव्हा ती सांगते, की मी काही ती बगळी नव्हे. धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला जा, तिथल्या व्याधाला विचार.

कौशिक मिथिलेला जातो. व्याध त्याला भेटतो तो खाटीकखान्यात, हरणाचे आणि रेड्याचे मांस विकताना. गिऱ्हाइकांची गर्दी असते, म्हणून ब्राह्मण एका बाजूला उभा राहतो. व्याध उठून नमस्कार करतो, तुम्हांला कोणी पाठवले तेही सांगतो आणि ही जागा तुमच्यासारख्याला योग्य नाही, घरी चला, असे म्हणतो. पुढे अनेक अध्याय तो बोलतो आणि ब्राह्मण ऐकतो. शेवटी ब्राह्मण आपल्या टाकून दिलेल्या आईवडिलांकडे परत जातो.

आपण कीर्तनात, शाळेत, पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सांगतो ती दोन अंगांनी : स्वधर्म आणि मातृपितृसेवा. मधल्या एका मोठ्या भागावरून आपण उडी मारतो. कौशिकाचा पहिलाच आक्षेप मांसाचा आहे. हे काम तुला शोभत नाही, तुझ्या या घोर कर्माचे मला दुःख होते, असे तो सरळ म्हणतो. व्याधाच्या बोलण्याचा बराच भाग या आक्षेपाचे उत्तर आहे. प्राणी मारून खाण्याच्या नीतीविषयी आपल्या वाङ्मयात इतकी सविस्तर वादी-प्रतिवादी चर्चा फार थोड्या ठिकाणी आहे, आणि इथे तर बाजू मांडतो तो खुद्द मांसविक्रेता. तीच चर्चा आपण मुलांपासून लपवतो.

२

व्याधाच्या उत्तरात चार-पाच निरनिराळ्या प्रतीची कारणे एकत्र आली आहेत. ती वेगळी करून पाहिली पाहिजेत.

पहिले कारण परंपरेचे : हा माझ्या कुळाचा धंदा आहे. दुसरे दैवाचे : पूर्वकर्म बलवान, मारणारा निमित्तमात्र. तिसरे प्रतिष्ठितांच्या दाखल्याचे : रंतिदेव राजाच्या मुदपाकखान्यात रोज हजारोंनी पशू मारले जात आणि त्या अन्नदानानेच त्याची कीर्ती झाली, यज्ञातही पशू मारतातच. चौथे कारण थोडे वकिली आहे : मी स्वतः मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, आणि मी मांस खातही नाही.

ही चारही कारणे आपल्या ओळखीची आहेत. आमच्याकडे असेच चालत आले, नशिबात होते, मोठी माणसेही करतात, मी कुठे स्वतः केले, असे आपण सगळ्याच बाबतींत म्हणतो. कोणत्याही अन्यायाचे समर्थन या चार वाक्यांनी करता येते. म्हणून ती फारशी मोलाची नाहीत.

पाचवे कारण मात्र खऱ्या विचारवंताचे आहे. व्याध म्हणतो, शेती ही साधुवृत्ती मानतात. पण नांगर जमिनीत शिरतो तेव्हा मातीतले किती जीव चिरडतो, ते पाहा. ज्याला तुम्ही धान्य म्हणता ते बीही जिवंतच आहे. माणूस चालताना, बसताना, निजताना जीव मारतो. हवा आणि जमीन जीवांनी भरलेली आहे. मग या जगात हिंसा न करणारा कोण?

हा मुद्दा ऐकून आमच्या भागातला कोणताही शेतकरी मान डोलावील. रोहिणीच्या पावसानंतर औत चालू लागले की मागून बगळे उतरतात, ते काही दर्शनाला येत नाहीत. फाळाने वर आलेले किडे-गांडुळे टिपायला येतात. आपली भाकरीही जीव न जाता ताटात येत नाही, हे त्या पांढऱ्या रांगेइतके स्पष्ट कोणी सांगितलेले नाही.

शांतिपर्वातला तुलाधार वाणी हाच मुद्दा उलट बाजूने मांडतो. जाजली नावाच्या तपस्व्याच्या जटेत पाखरांनी घरटे केले, पिले वाढवली. त्याला आपल्या अहिंसेचा गर्व झाला, तेव्हा त्याला वाराणसीच्या या तागडीवाल्याकडे जावे लागले. तुलाधार बैलाचे नाक टोचणे, त्याला खच्ची करणे, ओझ्याला जुंपणे या सगळ्याला दोष देतो. नांगरालाही देतो. त्यावर जाजली चिडून विचारतो, मग माणसाने जगायचे कसे? म्हणजे एका कथेत नांगर दाखवून मांसविक्रीचा दोष सौम्य होतो, तर दुसऱ्या कथेत नांगरच दोषी ठरतो. महाभारतकारांनी दोन्ही कथा ठेवल्या आणि निकाल वाचकांवर सोडला.

३

‘हिंसा कोण करीत नाही?’ हे व्याधाचे वाक्य मांसाहाराचे समर्थक नेहमी पुढे करतात. मी स्वतः पुष्कळदा केले आहे. मी खाणाऱ्या घरातला माणूस. आमच्या गावची महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी भरे. त्या वर्षी दारात बांधलेल्या बकऱ्याला पाला घालण्याचे काम माझ्याकडे होते. दोन महिने घातला. यात्रेदिवशी पै-पाहुण्यांच्या पंगतीत मी जेवलोही, आणि चव अजून आठवते. एक घास घशाखाली उतरेना, तेव्हा शेजारी बसलेले मामा म्हणाले, “खा रे, भातातबी जीव असतोय.” मामा लिहिता-वाचता येणारे नव्हते. पण धर्मव्याधाचा सिद्धान्त त्यांना ठाऊक होता.

मूळ कथा पुन्हा वाचताना मी थबकलो ते याच वाक्यापाशी. कारण व्याध तिथे थांबत नाही. लगेच पुढे तो सांगतो, की अहिंसेचे व्रत घेतलेले यतीसुद्धा हिंसा करतातच, मात्र प्रयत्नाने ती कमी होऊ शकते. सगळ्या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे शब्द मला हे वाटतात, आणि नेमके तेच आपण गाळतो. मामांनी गाळले, मीही गाळले.

‘सगळेच मारतात’ हे खरे. पण त्यावरून ‘मारण्यात कमीजास्त नाही’ असे निघत नाही. सगळेच कधी ना कधी खोटे बोलतात, म्हणून नोंदवहीत खोटी हजेरी मांडायला मी मोकळा होत नाही. नांगराखाली गेलेले गांडूळ आणि दोन महिने आपल्या हातचा पाला खाऊन आपल्याला ओळखू लागलेले बकरे यांत फरक आहे. तो फरक मला नवव्या-दहाव्या वर्षी कळत होता, तो समजावून घालवण्यासाठी मामांना सिद्धान्त लागला. शिवाय एक हिशेब आजच्या काळात विसरता येत नाही. कोंबडी किंवा बकरे वाढवायचे म्हणजे त्यांनाही धान्य-चारा लागतोच. आज मोठ्या कुक्कुटपालनात कोंबड्यांना मका आणि सोयाबीनच घालतात. म्हणजे नांगराखालची हिंसा तिथेही वगळली जात नाही.

उलट बाजूलाही हेच शब्द लागू पडतात. ‘कमी होऊ शकते’ म्हणजे ‘संपते’ नव्हे. केळे खाणारा मुलगा स्वतःला पूर्ण शुद्ध समजून दुसऱ्याला पापी म्हणतो, त्याचेही व्याध ऐकून घेणार नाही. दुधासाठी वासराला आचळापासून ओढून बांधतात, हे आमच्या मुलांनी रोज पाहिलेले आहे. व्याधाने हिंसेची जणू मोजपट्टी दिली. आपण तिच्या दोन टोकांवर दोन जाती बसवल्या.

४

आता त्या मुलाचा प्रश्न. मारले कोणी, खाल्ले कोणी?

कथेत दुकानासमोर गर्दी आहे. कथाकाराने ती मुद्दाम सांगितली आहे, ब्राह्मणाला बाजूला उभे राहावे लागण्याइतकी. पण त्या गर्दीतला एकही माणूस बोलत नाही. मिथिला ही जनकाची नगरी, तिथले सगळे लोक आपापल्या धर्माने वागणारे, असे व्याधच सांगतो. मग हे मांस नेणारे कोण? धार्मिक नागरिकच. कौशिकाला घोर कर्म दिसले ते विकणाऱ्याचे. घेणाऱ्याला त्याने हटकले नाही. व्याधानेही बोट दाखवले नाही. धंदेवाईक माणूस गिऱ्हाइकाला दोष कसा देईल?

हे गिऱ्हाईक सापडते अनुशासनपर्वात. तिथे भीष्म युधिष्ठिराला सांगतात, की विकत घेणारा पैशाने मारतो, खाणारा भोगाने मारतो आणि प्रत्यक्ष मारणारा बांधून, वध करून मारतो. खाणाराच नसेल तर मारणाराही उरणार नाही, इतके स्वच्छ अर्थशास्त्र त्या ठिकाणी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही संमती देणाऱ्यापासून शिजवणाऱ्या, वाढणाऱ्या आणि खाणाऱ्यापर्यंत सगळ्यांना घातक म्हटले आहे. अर्थात हेच भीष्म त्याच अनुशासनपर्वात श्राद्धाला कोणते मांस दिले तर पितर किती काळ तृप्त होतात, याची यादीही देतात. आणि मनूही थोड्याच पुढे मांसभक्षणात दोष नाही, पण निवृत्तीचे फळ मोठे, असे म्हणून सांभाळून घेतो. या ग्रंथांत एकच मत शोधणाऱ्यांनी हे नीट पाहावे. आपल्याला सोयीचा श्लोक प्रत्येक बाजूला मिळेल.

तरीही भीष्मांचा तो हिशेब मनात ठेवून वनपर्वाकडे परत आलो की कथेतली एक उणीव डोळ्यांत भरते. पाप सगळ्यांनी वाटून घ्यायचे, पण अस्पर्श फक्त एकाने व्हायचे. मांस घरोघर जाते आणि घोर कर्म दुकानात राहते. कथाकाराला ही अडचण जाणवली असावी, कारण शेवटी तो व्याधाच्या ज्ञानाचे कारण देतो : पूर्वजन्मी तो ब्राह्मणच होता, शिकारीत चुकून एका ऋषीला बाण लागला, म्हणून शापाने व्याध झाला. माझ्या मते इथे कथा स्वतःच्याच धैर्याला घाबरली. खाटकाच्या तोंडून धर्म वदवला आणि मग तो खाटीक मुळात खाटीक नव्हताच, असे सांगून टाकले.

हे धैर्य टिकवले ते संतांनी. सजन कसायाची कथा उत्तरेतली. त्याचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहे. मांस तोलायला तो जो दगड वापरी तो शाळिग्राम होता, अशी आख्यायिका. आपल्या तुकोबांनी एका अभंगात देव कोणाकोणाच्या कामाला हात लावतो ते सांगताना या कसायालाही गोवले आहे आणि देवाला त्याच्याबरोबर मांस विकायला लावले आहे. त्याचा पूर्वजन्म काढला नाही. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याच्या तागडीशी देव येऊन उभा राहिला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने वनपर्वाच्या पुढचे हे पाऊल आहे.

मात्र तागडीत जो पडला आहे त्याचे काय, हे त्या कथेतही कोणी विचारीत नाही. व्याधाच्या कथेतले पशूही आधीच मांस झालेले आहेत. साऱ्या कथेत आपल्या डोळ्यांदेखत मरणारा जीव एकच, ती बगळी. तिला मारणारा शाकाहारी तपस्वी आहे आणि कारण भूक नाही, राग आहे. कथाकाराने ही बगळी सुरुवातीलाच ठेवली, हे मला या उपाख्यानाचे सर्वांत मोठे मर्म वाटते. ताटात काय आहे त्याआधी डोळ्यांत काय आहे, ते तो विचारतो. ‘पापी’ म्हणणाऱ्या त्या मुलाचे डोळे मला आठवले. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववनात जळून मेलेल्या जीवांकडे आपल्याला पाहायला लावले. या बगळीकडे कोणीतरी तसेच पाहायला हवे होते.

५

गप्प राहिलेले गिऱ्हाईक वाङ्मयात बोलू लागायला फार काळ लागला. माझ्या वाचनात ते दोनदा मनापासून बोलले आहे.

पहिल्यांदा गांधीजींच्या आत्मकथेत. राजकोटला मित्राच्या नादाने त्यांनी चोरून बकऱ्याचे मांस खाल्ले. त्या रात्री ते बकरे पोटात ओरडते आहे असे वाटले. पण पुढे मांस सोडले ते दयेने नव्हे, आईवडिलांशी खोटे बोलवेना म्हणून, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. १८८८ साली लंडनला गेल्यावरही ते आईला दिलेल्या वचनापुरतेच शाकाहारी होते. हेन्री सॉल्टचे शाकाहारावरचे पुस्तक वाचल्यावर ते विचाराने शाकाहारी झाले. म्हणजे जन्माने मिळालेला आहार त्यांनी वाचून, पटवून, पुन्हा स्वीकारला. पुढे दुधाचा त्याग केला, आजारपणात शेळीचे दूध घेतले आणि त्यात व्रताचा शब्द पाळला, आत्मा पाळला नाही, हेही कबूल केले. प्रयत्नाने हिंसा कमी करणाऱ्याची ही खरी रोजनिशी आहे.

दुसऱ्यांदा दक्षिण आफ्रिकेचे कादंबरीकार जे. एम. कुट्सी यांच्या ‘द लाइव्ह्ज ऑफ ॲनिमल्स’ (१९९९) या छोट्या पुस्तकात. त्यांना प्रिन्स्टन विद्यापीठात व्याख्याने द्यायची होती. त्यांनी एका वृद्ध लेखिकेची गोष्ट वाचून दाखवली. ही लेखिका, एलिझाबेथ कॉस्टेलो, एका महाविद्यालयात प्राण्यांच्या कत्तलीविरुद्ध बोलते आणि तिच्या स्वतःच्या घरच्यांनाही अवघडल्यासारखे होते. भोजनाच्या वेळी कोणीतरी म्हणते, तुमच्या शाकाहाराबद्दल मला आदर आहे. त्यावर ती उत्तर देते, की माझ्या पायांत कातडी बूट आहेत आणि हातात कातडी पिशवी. फार आदर बाळगू नका. मला वाटते, धर्मव्याध असता तर या बाईला उठून नमस्कार करता. दोघांच्याही बोलण्यात बळ येते ते एकाच गोष्टीने. दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी दोघेही आपल्या हातातली वस्तू दाखवतात.

आपल्या मराठीत मात्र हा प्रश्न अजून बहुधा जातीच्या अंगाने येतो. कोणाच्या घरी काय शिजते, भाड्याची खोली कोणाला मिळते, डबा कोण कोणाबरोबर उघडतो, हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांवर लिहिले गेलेच पाहिजे. पण त्या भांडणात प्राणी पुन्हा बाजूला उभा राहतो, मिथिलेतल्या त्या ब्राह्मणासारखा. खाणाऱ्याला हीन ठरवणे हा अन्याय आहे. म्हणून प्राण्याचा प्रश्न निकालात निघत नाही. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणणारा लेखक मराठीला हवा आहे.

६

सुट्टी संपल्यावर मी त्या वर्गावर पुन्हा गेलो. मुलाला उभे केले आणि सांगितले, “तुझा प्रश्न बरोबर होता. मारलं दुसऱ्यांनी, विकलं त्यानं, खाल्लं गावानं.” मग व्याधाचे ते नांगराचे बोलणे सांगितले आणि त्यापुढचे, मी तीस वर्षे गाळलेले शब्दही सांगितले. या वेळी तात्पर्य काही दिले नाही. केळ्याच्या रांगेतला मुलगा वहीत काहीतरी खरडत होता. अंड्याच्या रांगेतल्याने विचारले, “मग सर, तुम्ही खाताय का सोडलाय?”

खरे सांगणे भाग होते. म्हणालो, “खातो. आधीपेक्षा कमी.”

“का कमी?”

बकऱ्याची गोष्ट सांगितली. वर्गात कोणी हसले नाही.

रांगा अजून दोनच आहेत. ज्यांच्या घरी दुपारचे अंडे परवडत नाही अशी मुले माझ्या शाळेत आहेत, आणि त्यांच्या ताटातून ते काढून घेण्याचा अधिकार ना मला आहे ना कोणा मठाला. तरीही नोंदवहीत अंड्यांचा आकडा लिहिताना हल्ली मी क्षणभर थांबतो. धर्मव्याधाच्या दुकानासमोरच्या गर्दीत आपण कुठे उभे आहोत, हे तेव्हा दिसते. इतकी वर्षे मी ही गोष्ट कौशिकाच्या शेजारी, बाजूला उभा राहून सांगत होतो. माझी जागा खरे तर त्या गर्दीत होती, हातात पिशवी घेऊन.